विलायतेहून परत आलेला तमंचा

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता माझ्या डोक्यातून गेले आहेत. एक तमंचा मात्र गेलेला नाही. दुपारी जेवून आडवा झालो आणि डोळा लागू लागला की तो अजूनही दिसतो, काळानिळा, तेल पुसलेला, पाटावर ठेवलेला. रिव्हॉल्व्हरला आमच्या भागात तेव्हा तमंचाच म्हणत.

निजामाचा अंमल होता. गेवराई भागात मी अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार समजा. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक हवालात आणि दारात मोठा लिंब. चैत्रात लिंबाचा मोहर दौतीत पडायचा आणि त्या वासानं जमादारासकट सगळं ठाणं पेंगायचं. अशाच एका दुपारी चकलांब्याकडचे एक देशमुख फिर्याद घेऊन आले. तरणे होते आणि रागीट म्हणून पंचक्रोशीत ठाऊक होते. त्यांनी मेजावर एक देखणी पेटी आपटली.

"अमीनसाहेब, माझा तमंचा चोरीला गेलाय."

"आणि पेटीत काय आहे?"

"तमंचा."

जमादार हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला.

हकीकत अशी. देशमुखांच्या वडिलांचा विलायती तमंचा होता. वडील वारले, तमंचा गंजला, त्याचं चाक फिरेना. बीडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. ते म्हणाले, "इथं कुणाला हात लावू देऊ नका. ज्या कारखान्यात हा बनला, तिथंच पाठवा. नवा करून देतात." सरकारची परवानगी काढून मिस्त्री स्वतः टांग्यानं नगरला गेले, तिथून रेल्वेनं मुंबईला, आणि कारखान्याच्या तिथल्या अडत्याकडे पेटी देऊन आले. वर्ष उलटून गेल्यावर पेटी परत आली. तीही मिस्त्रींनीच आणली.

देशमुखांनी पेटी उघडली आणि त्यांचं डोकं फिरलं. नळी काळीशार, चाक लोण्यासारखं फिरणारं, मुठीचं लाकूड कोरं.

"हा माझ्या बापाचा न्हाई," ते मला म्हणाले. "त्येंच्या मुठीवर अंगठ्याची जागा झिजून खळगा पडलता. ल्हानपणी मी त्यात माझा अंगठा ठेवून बघायचो. सांगा ना, माझ्या बापाचा अंगठा कुठाय ह्याच्यावर? मिस्त्रीनं आमचा तमंचा विकला आन् दुसराच कसला तरी गळ्यात मारला."

त्यांचा आवाज फुटला. खोटी फिर्याद देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांचा आवाज असा फुटत नाही. हा माणूस खरं बोलत होता. खरं बोलणारा चुकूही शकतो, हे मला तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींना आणून हवालातीत ठेवावं लागलं. शस्त्राचा मामला होता, माझा इलाज नव्हता. परवान्यावर 'एक तमंचा विलायती, सहा गोळ्यांचा' एवढंच लिहिलेलं. नंबर टिपून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कारखान्याला विचारावं तर उत्तर यायला पावसाळा उलटला असता, आणि तोवर मिस्त्री बीडच्या तुरुंगात. इकडे त्यांच्या मुलीचा निकाह ठरला होता. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की निकाल लागू द्या, मग बघू. दुकानाला कुलूप लागल्यावर ज्यांची ज्यांची घड्याळं तिथं होती ते मिस्त्रींच्या घरी जाऊन ती परत मागू लागले. हे मिस्त्रींना फार लागलं.

जबाब घेताना मी त्यांना दरडावलं, मग गोड बोललो, मग नुसताच समोर बसून राहिलो. चोर असेल तर तिसऱ्या उपायाला टिकत नाही, गप्प बसणं त्याला सोसत नाही. मिस्त्री निवांत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "साब, म्हातारा होऊन गेलता, जवान होऊन आला. यात माझा काय गुन्हा हाय?"

तेवढ्यात एका खबऱ्यानं खबर आणली की मिस्त्रींनी कडा गावच्या बाजारात एका घोडेवाल्याला फडक्यात गुंडाळून काहीतरी विकलं होतं. एका जवानाला घेऊन मी घोड्यावरून कडा गाठलं. घोडेवाल्यानं घाबरत घाबरत फडकं पुढं केलं. मी हात घातला आणि आतून एवढ्या जोरात खणखणाट झाला की माझा जवान दोन हात मागे उडाला. गजराचं घड्याळ होतं.

मग मी ठरवलं की तमंचा जिथं राहत होता ती जागा तरी पाहावी. पंचनाम्यासाठी देशमुखांच्या घरी गेलो. तमंचा देवघरातल्या कोनाड्यात असे, दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बाहेर निघे. बूट काढून मी देवघराच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. आत अंधुक होतं. समई तेवत होती, उदाचा धूर हलत नव्हता. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे मला सगळं पाण्याखालचं असल्यासारखं दिसत होतं. हळूहळू पाटावर देवांचे टाक दिसू लागले, चांदीच्या लहान पत्र्यांवर उठवलेल्या मूर्ती. त्या ओळीत मध्येच एक जागा मोकळी होती.

मोकळ्या जागेचं काही नाही, टाक हरवतात, मोडतात. पण त्या जागेवर त्याच दिवशीचं ताजं फूल वाहिलेलं होतं.

"इथला देव कुठं आहे?" मी विचारलं.

देशमुख गोंधळले. त्यांनी आजवर ती जागा पाहिलीच नव्हती. उत्तर दाराआडून आलं. त्यांची आई होती.

"गावाला गेलाय."

"आईसाहेब, देव कुठं गावाला जातो का?"

"माझा गेला," ती म्हणाली. "विलायतेला गेला. आता कशाचा येतोय."

मी देशमुखांना बाहेर बसायला सांगितलं आणि उंबऱ्यावरच टेकलो. म्हातारी दाराआड, मी इकडे. तोंड न पाहता घेतलेला माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा जबाब असेल. तिच्या मालकांनी एकदा बांधाच्या भांडणात सख्ख्या भावावर तमंचा झाडला होता. नेम चुकला म्हणून भाऊ वाचला. ते परगावी गेले तशी तिनं सोनाराला बोलावलं, मूठ उघडवली आणि देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक, करंगळीच्या पेराएवढा, भंडाऱ्याची चिमूट घालून आत बसवला.

"देव आत असला म्हंजी मानसावर चालायचा न्हाई, असं मला वाटलं. आन् न्हाईच चालला पुन्हा. पर कुलदैवत मी देव्हाऱ्यातून हलवलं, हे कुणाला सांगू? लेकानं तमंचा विलायतेला धाडला तवा जीभच उचलली न्हाई माझी. तिथल्या लोकांनी मूठ फेकली आसंल, त्यात माझा देवबी गेला."

"आणि मिस्त्री?"

ती रडू लागली. "त्येची लेक माझ्या डोळ्यांपुढून हालत न्हाई, लेकरा. पर मी बोलून आता काय व्हनार?"

मुठीत देवाची काही खूण निघाली तर तमंचा तोच ठरणार होता. मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना देशमुखांच्या ओसरीवर आणलं, त्यांची हत्यारं आणली, गावचे पंच बसवले. देशमुख उसळले, "ह्येच्याच हातात देता?"

"तुमच्या डोळ्यांपुढं देतो," मी म्हणालो.

मिस्त्रींनी हात धुतले. तमंचा घेतला, डावीकडचा स्क्रू काढला, लाकडाची फळी अलगद उचलली. आत स्प्रिंग आणि तेल, बाकी काही नाही. दाराआड हुंदका ऐकू आला. मिस्त्रींनी तमंचा उलटा केला आणि दुसरी फळी काढली.

कोऱ्या लाकडाला आतून एक खोबण कोरलेली होती, टाकाच्या मापाची, कडा घासून गुळगुळीत केलेली. तिच्यात पातळ विलायती कागदात गुंडाळलेला खंडोबा होता. चांदी उजळलेली होती. फक्त खंडोबाच्या घोड्याच्या पायाशी हळदीचा पिवळा डाग राहून गेला होता.

देशमुखांनी टाक तळहातावर घेतला, कपाळाला लावला. आईनं दाराआडून सगळी हकीकत पुन्हा एकदा सांगितली, या वेळी लेकाला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग ते उठले आणि देवघराकडे निघाले.

"कुठं नेतो?" आईनं विचारलं.

"देव्हाऱ्यात ठेवतो की."

"राहू दे त्येला मुठीतच," ती म्हणाली. "देव्हाऱ्यात बसून त्येला काय काम हाय? तुजा राग मला ठावं हाय."

मिस्त्रींनी टाक पुन्हा खोबणीत ठेवला आणि फळी बसवली. देशमुखांनी कमरेचं घड्याळ काढलं, भर ओसरीत, पंचांपुढे, दोन्ही हातांनी मिस्त्रींच्या हातात दिलं. "चुकलो, मिस्त्री. ह्ये मागं पडतंय. बगा जरा." ती बातमी माझ्या घोड्याआधी बीडला पोचली. महिन्याभरात मिस्त्रींच्या भिंतीवर पुन्हा टिकटिक सुरू झाली, आणि निकाहाच्या दिवशी देशमुखांच्या आईनं बैलगाडी भरून आंबे धाडले.

तेव्हापासून तपासाला गेलो की घरात काय आहे ते मी नंतर पाहायचो. काय नाही, आणि नसलेल्याची काळजी कोण घेतंय, ते आधी पाहायचो. त्याचा मला जन्मभर उपयोग झाला.

पण त्या मामल्यातला एक माणूस मला कधीच भेटला नाही. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी ती जुनी मूठ उघडली असेल. आत पिवळी पूड आणि चांदीचा एक घोडेस्वार. त्याला खंडोबा माहीत नव्हता, चकलांबा माहीत नव्हतं. फेकून दिला असता तर कुणी विचारणार नव्हतं, आणि इकडे एक निरपराध माणूस तुरुंगात गेला असता. दुपारी डोळा लागला की तो मला दिसतो. खिडकीशी बसून लाकूड कोरत असतो. मी त्याला विचारतो, "तुला कसं कळलं बाबा, हे जपायचं असतं म्हणून?" तो फुंकर मारून भुसा उडवतो, मापात बसतंय का बघतो, आणि देव हळूच आत ठेवतो.