आमच्या ठेसनावरचा गाडीबाबा

माझं त्या दिवशी कोणीच खरं मानलं नाई! घरच्यांनी तर मुळीच नाई. आता ही फजिती मीच सांगून टाकते. आमच्या नवऱ्यानं सांगितली तर तो दुप्पट करून सांगन.

आमच्या गावचं ठेसन बंद पडलं. छोट्या लाइनीची गाडी गेली, रूळही उपटून नेले. आता फलाटावर आम्ही बाया मोहफुलं वाळवतो अन् तिकिटाच्या खिडकीत शेळी बसते. पण फलाटाच्या टोकाले आमचा गाडीबाबा आहे. गुडघाभर उंच दगड, शेंदरानं लालभडक. लग्नाची पहिली पत्रिका त्याले!

मोठ्या लाइनीचं काम निघालं अन् एक तरणा साहेब आला. म्हणे, "हा दगड उद्या फेकून देऊ."

"हात तर लावून पाह्य!" मी मोहाच्या टोपलीसकट आडवी झाली.

"बाई, रेल्वेचा दगड आहे तो."

"देव आहे! ठेसनाच्या आधीपासूनचा!"

लोक हसले. सगळ्यात आधी माझा नवरा. मग मले चढला ताव!

"पुरावा पाह्यजे? इथी आलं का डायवर शिटी वाजवे. देवाले रामराम केल्याबिगर एक गाडी पुढं गेली नाई. काऊन वाजवे? त्याची सासुरवाडी होती का इथी?"

मले आणखी जोर आला.

"मी नवी नवरी याच फलाटावर उतरली. मायनं बजावलं होतं, शिवेवरच्या देवाले नारळ फोडल्याबिगर गावात पाय टाकू नको. वऱ्हाड बोचकी उतरवत होतं, पदर माझ्या नाकापर्यंत, तरी मी देव बरोबर हुडकला! हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. बोला आता!"

तेवढ्यात किसनभाऊ काठी टेकत आले. छोट्या गाडीच्या वेळी ते रूळ पाहणारे गँगमन होते. म्हटलं, आला माझा साक्षीदार!

"भाऊ, सांगा या पोराले ठेसनाचा इतिहास!"

भाऊ दगडापाशी गेले. खाली बसले अन् विळ्यानं शेंदराची खपली काढली. मग आणखी एक. खालून काळं इंग्रजी अक्षर निघालं.

"शिटीचा दगड, शेवंताबाई," भाऊ म्हणाले. "पुढं फाटक होतं ना, म्हणून डायवरनं इथी शिटी वाजवायची. मीच चुना मारत होतो त्याले."

"मग देव कसा झाला?" साहेबानं विचारलं.

"एक दिवस चुना मारून जेवाले गेलो. येऊन पाह्यतो तर दगडावर हळदकुंकू, पुढं करवंट्या! पुसाले गेलो तर बाया अंगावर धावल्या. दुसऱ्या दिवशी शेंदूर! शिवेचा देव तर तिकडं, मोहाच्या झाडाखाली."

"अन् नारळ कोणं फोडला?" गर्दीतून कोणी विचारलं.

"त्या दिवशी गाडीतून एकच नवरी उतरली होती बाप्पा."

अख्खं गाव माझ्याकडे पाहून राह्यलं. मी लगेच मोहफुलं निवडाले बसली, जसं काई ते सकाळपासून राहूनच गेलं होतं.

साहेब मात्र भला निघाला. म्हणे, "जाऊ द्या, फेकत नाही. त्या मोहाखाली नेऊन ठेवू. पण कागदावर लिहावं लागते, इथं देव बसवला कोणी?"

सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो माझाच नवरा,

"शेवंताबाई!"