धावपट्टीवर फुटलेला नारळ

आदरणीय दिवाकरराव गेडामसाहेबांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीने सांगितलं तेव्हा मी टाळाटाळ केली. जिल्ह्याच्या विमानतळावर मी प्रवासी गाड्या चालवतो, लिहिणं हा आपला प्रांत नाही, असं कारण पुढे केलं. ते खोटं होतं. मला लाज वाटत होती, आणि अजूनही वाटते.

साहेबांची पहिली ओळख झाली ती ओल्या सोयाबीनमुळे. तेव्हा आमचा विमानतळ म्हणजे गावाबाहेरची एक लांबलचक डांबरी पट्टी होती. विमान क्वचित यायचं. एरवी तिथे लोक स्कूटर शिकायचे, गुरं रवंथ करत बसायची आणि हंगामात आम्ही माल वाळत घालायचो. असं आयतं अंगण कोण सोडणार? मीही ट्रॉली उलटी केली. तेवढ्यात नव्याने रुजू झालेले व्यवस्थापक, म्हणजे साहेब, पायी चालत आले. हातात पिशवी होती आणि पिशवीत धावपट्टीवरून वेचलेले खडे.

"काहून बावा, विमान का तुह्या सोयाबीनवर उतरन?"

"साहेब, इथं विमान येतेच कुठं?"

"एखाद्या बिमार मानसाले न्यायले येईन ना! तवा तू टोपले भरून राह्यला, तं तो मरन ना लेका."

बोलले कडक, पण हाकलून दिलं नाही. हँगरमागची मोकळी जागा दाखवली, घरची ताडपत्री आणून दिली आणि बाह्या सरसावून माझ्याबरोबर माल भरू लागले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

पुढे विमानसेवेसाठी साहेबांनी किती खेटे घातले ते या ग्रंथात इतरांनी लिहिलंच आहे. मला त्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. सगळे विमानाचं बोलत असताना साहेब एसटीचं बोलायचे. "मानूस मुंबईहून उतरला, मंग त्याले घाटंजीले कोन नेईन? तू?" असं मला विचारायचे. शेवटी खरंच मी! त्यांनीच मला शेतीच्या जोडीला पहिली गाडी घ्यायला लावली. विमानतळाच्या फाटकाशी बसथांबा आणला तोही त्यांनीच. आज महागाव, केळापूर, घाटंजीकडे जाणारा माणूस फाटकातून बाहेर पडला की त्याला ताटकळावं लागत नाही. निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून साहेब रोज सकाळी धावपट्टीवर खडे वेचायला यायचेच.

आता त्या दिवसाबद्दल. मुंबईचं पहिलं नियमित विमान सुटायचं होतं. आदल्या दिवशी स्वागत समितीच्या बैठकीत साहेबांनी एकच मागणं केलं. "नारळ फोडा, हार घाला, पन फाटकाबाहेर. विमानाजवळ कचरा नको." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर नारळ फोडल्याशिवाय दारातून हलत नाही. चाकाखाली लिंबू, बोनेटला हळद-कुंकू, वर अक्षता. हाताला तीच सवय. बँड वाजत होता, पुढारी फोटोसाठी विमानापाशी गेले होते, कोणीतरी म्हणालं, "फोड रे!" आणि मी विमानाच्या पुढच्या चाकाजवळ नारळ आपटला. करवंटीचे तुकडे चहूकडे उडाले. मग लिंबं आली, अक्षता आल्या, झेंडूच्या पाकळ्या आल्या. जयजयकार झाला.

वैमानिक खाली उतरले आणि इंजिन सुरू करायला त्यांनी साफ नकार दिला. एखादा तुकडा उडून इंजिनात गेला तर काय, हे त्यांनी विचारलं तेव्हा बँड थांबला. धावपट्टीवर रात्रीचे दिवे नव्हते. उन्हं उतरली होती. सूर्य मावळला असता तर विमान सकाळपर्यंत इथेच राहिलं असतं. आत महागावच्या अनुसयाबाई बसल्या होत्या. भावाला स्वतःचं मूत्रपिंड द्यायला त्या मुंबईला निघाल्या होत्या आणि त्यांना त्याच रात्री दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. माझ्याच गाडीने आल्या होत्या. मला सगळं माहीत होतं.

साहेबांना आम्ही मागच्या रांगेत बसवलं होतं. पुढच्या खुर्च्या पुढाऱ्यांना लागत होत्या ना! तिथून ते उठून आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंगात नवा पांढरा सदरा. वैमानिकांसमोर हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है, कप्तानसाहब. इन लोगों को बताना मेरा काम था, रह गया." आणि खाली बसून करवंट्या वेचू लागले.

बताना रह गया? आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. आम्हीही वाकून वेचू लागलो, पण तोंड कोणी उघडलं नाही. मीसुद्धा नाही. सूर्य टेकला तेव्हा विमान उडालं. अनुसयाबाई वेळेत पोचल्या, भाऊ आज हिंडतो-फिरतो.

चौकशी झाली. साहेबांनी स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केल्यामुळे ती चटकन आटोपली. त्यांचं सल्लागारपद गेलं, आत जायचा पासही गेला. आता रोज सकाळी ते तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहतात आणि आतल्या पोरांना खुणेने खडे दाखवतात. मी तिथूनच गाडी काढतो. ते हात करतात, मी हॉर्न वाजवतो, आणि दिवसभर जेवण गोड लागत नाही.

हा लेख देण्याआधी विमानतळावर जाऊन मी खरं काय ते सांगून आलो. "बघू," तिथले अधिकारी म्हणाले. मग साहेबांकडे गेलो. ते रागावतील, अशी आशा होती. ते हसले. "कायले उकरतं रे जुनं? त्या बाईचा भाऊ जगला ना?"

समारंभात शाल-श्रीफळ देण्याचा मान समितीने मला दिला आहे. साहेब, तो नारळ तुमच्या हाती देण्याआधी मी सर्वांसमोर सांगणार आहे, त्या दिवशी विमानापाशी नारळ कोणी फोडला होता आणि तुम्ही कोणासाठी खोटं बोललात. त्यानंतर तुम्ही श्रीफळ घ्या किंवा घेऊ नका. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे ठणठणीत राहोत आणि ते कुंपणाबाहेर नव्हे, धावपट्टीवर चालोत. तोवर सकाळचे खडे मी वेचेन. पिशवी तेवढी तुमची द्या.