सात नंबरचा टब

आमची आत्या स्नानगृहात अडतीस वर्षं टब भरत होती. गावात जमिनीतून गरम पाण्याचा झरा वर यायचा आणि आजोबांच्याही आजोबांच्या काळापासून सांधे धरलेली माणसं लांबलांबून त्यात बसायला यायची. बऱ्या झालेल्यांनी मागे टाकलेल्या कुबड्या व्हरांड्यात टांगलेल्या असायच्या. पाणी बेताचं गरम आहे की नाही हे आत्या कोपर बुडवून सांगायची. थर्मामीटर होता, पण डॉक्टरही आधी तिच्या तोंडाकडे बघायचे.

ती स्वतः मात्र त्या पाण्यात एकदाही बसली नाही. नोकरांना मनाई होती म्हणे. अहो, किल्ल्या हिच्या कमरेला, गुडघे हिचे कुरकुरणारे, आणि ही घरी येऊन बादलीत पाय सोडून बसणार! वर सात नंबरच्या टबाचं कौतुक ऐकवणार: खिडकीपाशी आहे, माणसांच्या पाठी घासून दगड कसा लोण्यासारखा झालाय. मी म्हणायचे, दार लावून बस की एकदा, कोण बघतंय? तर म्हणायची, रोग्यांचं पाणी रोग्यांना. माझं डोकंच फिरायचं.

ती निवृत्त झाली आणि दोन वर्षांत स्नानगृहाला कुलूप लागलं. पुढे कुणीतरी ते विकत घेऊन डागडुजी केली, तिकीट लावलं. मी लगेच सात नंबरचं तिकीट काढलं. आत्या पहाटेपासून तयार. एवढी हरखली होती.

टबापाशी गेल्यावर तिनं सवयीनं कोपर बुडवलं आणि तशीच वाकून राहिली.

"हे झऱ्याचं नाही," ती म्हणाली.

व्यवस्थापक बिचारा ओशाळला. झरा चार वर्षांपूर्वीच आटला होता. आता बॉयलरचं पाणी, त्यात क्षार मिसळलेले. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाहेर झऱ्याच्या पाण्याची एवढी मोठी पाटी कशाला लावलीत मग, म्हणून मी त्याला फैलावर घेतलं. आत्यानं मला गप्प केलं, चपला काढल्या आणि माझा हात धरून पाण्यात उतरली.

बराच वेळ डोळे मिटून बसली होती. बरं वाटतंय का, मी विचारलं.

"ऊब आहे," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "एकदा तरी चोरून बसायला हवं होतं गं मी."