पायावरची अंघोळ

आमच्या वाडीतलं निम्मं गाव धोंडुबाईच्या पायावर अंघोळ करून मोठं झालंय. बाळंतीण घरी आली की तिला सांगावा जायचा. न्हाणीत पाटावर बसून ती पाय लांब करायची, तेल लावलेलं पोर नडग्यांवर पालथं घालायची. त्याआधी हात पसरून म्हणायची, "दे इकडं माझं सोनं." माझी लेक पूर्णिमा तिच्याच पायावर न्हालीया.

गेल्या वर्षी पन्हाळ्याकडं मालिकावाली माणसं आली. मोबाईलवर लागती तसली, भीतीची मालिका. गोष्ट काय, तर डोंगरातलं एक गाव, बाहेर कुणाला कळू न देता पेरणीआधी तान्हं पोर देवीला देतं. असलं गाव कुठं असतंय, त्यांचं त्यांनाच ठाऊक! त्यांना एक म्हातारी पाहिजे होती. धोंडुबाई हरखली. "टीव्हीत दिसणार की गं मी!" साहेबानं हातात रबरी बाहुली दिली आणि म्हणाला, "आजी, रोज करता तसंच करा." झालं! हिला दुसरं काय येतंय? तसाच पाट, तसंच तेल, तेच शब्द. मागनं त्यांनी पाणी लाल केलं आणि बाहुलीच्या जागी खरं पोर दाखवलं.

गावानं मालिका बघितली. धोंडुबाईचा सत्कार झाला, कॉलेजची पोरं तिच्यासंगं फोटो काढायला आली. आणि बाळंतिणीचा सांगावा तेवढा बंद झाला. वाईट कुणी बोललं न्हाय हां. कोण म्हणालं नर्सबाईनं नको सांगितलंय, कोण म्हणालं आमचं आम्हीच घालतो. ती ऐकून घ्यायची. "पूर्णिमाला दिवस गेल्यात, तिचं पोर हाय की मला," म्हणायची. त्याच्यासाठी तिनं जुन्या लुगड्याची दुपटी शिवली, घरच्या खोबऱ्याचं तेल काढून बाटलीत भरून ठेवलं.

पूर्णिमाला कोल्हापुरात मुलगी झाली. घरी आल्यावर धोंडुबाईचं नाव काढलं तर पूर्णिमा रडायलाच लागली.

"आई, कळतंय गं मला ते खोटं हाय. पर तिचं पाय बघितलं की लाल पाणीच दिसतंय."

"अगं भवाने, त्याच पायावर तू वाढलीस!" मी लई तोंड सोडलं. तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं. बाळंतीण पोरीपुढं माझं काय चालतंय?

बारशाला मात्र मीच धोंडुबाईला बोलावलं. खुर्ची दिली, ओटी भरली. बाळ रडत होतं. तिनं सवयीनं हात पसरलं, "दे इकडं माझं सोनं." बाया पूर्णिमाकडं बघाय लागल्या. पूर्णिमा म्हणाली, "आज्जी, झोपलंय ते." आणि बाळ तर टाहो फोडत होतं. धोंडुबाईनं हात पदराखाली घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला घरी सोडायला मीच गेलते. आत गेल्यावर म्हणाली, "माझी दृष्ट काढ. टीव्हीत सगळ्या मुलखानं बघितलंय मला, कुणाची तरी लागलीया. निघाली की बोलावतील."

तिचा भरवसा मोडवंना. मीठ-मिरच्या तिच्यावरनं उतरून चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की मिरचीचा ठसका येत न्हाय, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठाऊक. आम्ही दोघी चुलीकडं बघत बसलो.

असला ठसका उठला की दोघींच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. खोकत खोकत धोंडुबाई म्हणाली, "काय न्हाय की गं माझ्यावर."

मग तिनं पाट भिंतीला उभा केला आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

"बाळाला लाव," म्हणाली. "माझं हाय म्हणून पूर्णिमाला सांगू नगंस."