संप मिटेपर्यंत टीव्ही बंद

मरायच्या आधी बाबांना एकच गोष्ट बघायची होती. ते जहाज पोचतं की नाही. काशी नको, गया नको, नातवाचं लग्न नको. अमेरिकेतल्या एका मालिकेतलं, अंतराळात भटकणारं जहाज. राहायला जागा शोधत निघालेली माणसं, आणि खाली इंजिनच्या खोलीत ते जहाज कसंबसं चालतं ठेवणारी एक म्हातारी फिटर. बाबांचा सारा जीव त्या म्हातारीत. स्वतः जन्मभर सरकारी तोफांच्या फॅक्टरीत फिटर. हिंदी आवाजात मालिका लागली की पुढं सरकून बसायचे, आणि तिनं पाना चुकीचा धरला की टीव्हीलाच शिकवायचे.

चौथा सीझन संपला तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि म्हातारी आत अडकली होती. पाचवा सीझन शेवटचा. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत. बाबांना ते कोणी सांगायची गरज नव्हती. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घराचा जिना चढताना त्यांना कळतच होतं.

आणि तिकडे अमेरिकेत लेखकांनी संप केला. सगळं शूटिंग ठप्प. ही बातमी बाबांना कशी सांगावी, या विचारानं माझा जीव खालीवर. शेवटी चहा देता देता सांगून टाकली.

बाबांचा चेहरा उजळला. "अच्छा? लेखकांची पण युनियन असते? मागण्या काय आहेत त्यांच्या?"

मी फोनवर वाचून सांगितलं. पगार वाढवा, आणि आमचं काम मशीनकडून लिहून घेऊ नका.

"बराबर आहे," बाबा म्हणाले. रिमोट उचलला, टीव्ही बंद केला. "संप मिटेपर्यंत आता यांचं काही बघायचं नाही."

मला वाटलं, गंमत करून राहिले. कशाची गंमत! जुने चारही सीझन ॲपवर पडलेले, रोज दुपारी हवं तितकं बघता आलं असतं. पण नाही. ज्या फॅक्टरीत संप आहे तिचा माल घ्यायचा नाही, हा त्यांचा जुना हिशेब. आई म्हणाली, "आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. तिकडं त्यांना पत्ता तरी आहे का तुमचा?" बाबांनी पेपरात डोकं घातलं.

मी पण भांडले. शोधून शोधून वाचलं, आणि त्यांच्यासमोर फोन धरला. "हे बघा, बाबा. संपवाल्यांनी लोकांना बघू नका असं म्हटलेलंच नाही. तुम्ही काहून उपाशी राहून राहिलात?"

"मागत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा आहे," बाबा म्हणाले. हात टेकले मी.

पुढे नटमंडळीही संपात उतरली, तर यांना कोण आनंद. "दुसरी युनियन पण आली, आता मालक झुकतील." रोज सकाळी मला पहिला प्रश्न तोच, "मिटला का?" मी म्हणायची, "अजून बसून राहिलेत." एवढ्यात घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, बाबांचा आवाज अर्धा झाला, आणि टीव्हीवर मात्र बातम्या आणि भजनं.

मिटला एकदाचा संप. लेखक जिंकले. बाबांनी मला बडा फुहाऱ्याच्या बाजारात पिटाळून खोव्याची जलेबी आणवली आणि खालच्या भाडेकरूंपर्यंत वाटली. मग आम्ही पहिल्या सीझनपासून पुन्हा बघायला बसलो. बाबा अर्ध्यात झोपी जायचे, जागे झाले की मी मागं नेऊन पुन्हा लावायची. घाई कुणाला होती? पाचवा येईपर्यंत वेळच वेळ होता, असं मला वाटत होतं.

एक दिवस ॲप उघडलं तर मालिकाच नाही. नाव टाकून बघितलं, काढून पुन्हा टाकलं. काही नाही. बातम्यांत सापडलं. ती बनवणारी कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली होती. नव्या मालकांनी खर्च कमी करायचा म्हणून पाचवा सीझन रद्द केला आणि जुने चारही उचलून नेले. हातातोंडाशी आलेला घास गेला. मी वाचून दाखवलं. बाबांनी रिमोट बाजूला ठेवला.

"संप जिंकले, अन् कारखानाच गेला," ते म्हणाले. "आपल्या फॅक्टरीचं पण असंच झालं न. एक दिवस गेटवरचा सरकारी बोर्ड जाऊन कंपनीचा लागला."

मला रडू आलं, आणि रडण्याआधी राग आला. जे महिने हातात होते ते यांनी तत्त्वापायी घालवले, कोणी मागितलंही नसताना. बोलून टाकलं मी ते. बाबांनी नुसता माझा हात थोपटला. "बघितलं असतं तर गोड लागलं नसतं, बेटा."

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. विचारलं, "काय झालं असतं गं त्या म्हातारीचं?"

मी वाटच बघत होते. कितीतरी दिवसांपासून मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सांगायला लागले. म्हातारीनं आतून दार कसं उघडलं, इंजिन कसं सुरू केलं, खिडकीतून जमीन कशी दिसली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. जहाज खाली यायला लागलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांब."

"काहून? दमलात का?"

"ते लिहिणाऱ्यांचं काम आहे," बाबा म्हणाले. एकेका शब्दाला दम घेत होते. "त्यांना काढून टाकलं न? मग त्यांच्या जागेवर आपण नाही बसायचं."

मी थांबले. माझं तर डोकंच फिरलं होतं, पण थांबले. त्यांनी आईला पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि कूस बदलून झोपले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मग काढायला तेच राहिले नाहीत. तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत अस्थी सोडून आलो.

त्यांचा राग येतो मला अजून. त्यांना हवं ते माझ्या ओठांवर होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही. जहाज जमिनीला टेकायला एकच वाक्य उरलं होतं. ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.