ब्रेकच्या बोल्टावरचा थेंब

परवा नातवाच्या मोटरसायकलच्या ब्रेकच्या बोल्टाला मेकॅनिकनं निळ्या औषधाचा थेंब लावला. "आता हादऱ्यानं ढिला व्हायचा न्हाय, आजी," तो म्हणाला. माझं डोकंच तापलं; आधी वाटलं, त्या उग्र वासानंच.

लग्नानंतरच्या वर्षी सोलापूरहून मोटरसायकलवर मैंदर्गीला निघताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, "अहो, ब्रेकचा बोल्ट हलतोय की."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

पुढं उतारावर बोल्ट गळून पडला, ब्रेक लागेना आणि आम्ही बाभळीवर आदळलो. माझं कोपर मोडलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "हीच नीट बसली नसंल."

हे शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा वाटायचं, दुखतंय म्हणून चिडचिड होतेय. कोपर तर दोन महिन्यांत बरं झालं. त्यांच्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही.