न्हाणीतली पेटवण

"सीओपीडी," बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, आत घेतलेली हवा नीट बाहेर पडत नाही, त्याला हे नाव. औषधानं दम आटोक्यात राहील, पण जेवढं फुफ्फुस बिघडलंय तेवढं परत सुधारायचं नाही. माझी आई शेजारच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून बसली होती.

तिनं आयुष्यात बिडी ओढली नाही, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नाही. पण आम्ही निपाणीचे, आणि ती तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तेवढं कळलं की गावातले डॉक्टर पुढचं ऐकतच नसत. वखारीतल्या धुळीचा खोकला म्हणायचे आणि बाटली लिहून द्यायचे. माझ्या बेळगावच्या घराचा जिना तिला चढवेना, तेव्हा मीच हट्टानं या बाईंकडं आणली.

हे निदान सांगण्याआधी स्पायरोमेट्री झाली होती. नळीत जोर लावून फुंकायचं, मशीन श्वास मोजतं. आईला फार वेळ फुंकता येईना. मग बाईंनी कुणीच न विचारलेली गोष्ट विचारली. "मावशी, अंघोळीचं पाणी कशावर तापवता?"

"बंबावर."

"आणि बंब कशानं पेटवता?"

"दुधाच्या पिशवीनं. काडी लावली की भर्रदिशी पेटतंय."

रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून आमच्या सगळ्या गल्लीची हीच पेटवण. आई तर पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून ठेवते. बाईंनी शांतपणे सांगितलं, "लाकडाचा धूर वाईटच. त्यात हे विष. खिडकी नसलेल्या न्हाणीत तुम्ही रोज ते ओढत होता."

आईला दाखल केलं. नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ, आणि नाकाला ऑक्सिजन. भेटायला आलेले नातेवाईक तिच्या उशाशी बसून तिलाच बोलायचे, प्लास्टिक कुणी जाळतं का म्हणून. माझं डोकं फिरायचं. दूध पिशवीत, तेल पिशवीत, मीठ पिशवीत. तिच्या फुफ्फुसाच्या गोळ्यासुद्धा औषधवाल्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत वळत नाही. गटारात टाकलं तर तुंबतं, उकिरड्यावर टाकलं तर म्हशी खातात. मग बाईमाणसानं करायचं काय? पिशव्या बनवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, धुऊन वाळवणारीला अक्कल शिकवायला मात्र सगळे पुढे. मी शिकवते त्या शाळेची प्लास्टिकविरोधी फेरी निघते आणि दमलेल्या पोरांना आम्ही पाणी देतो ते प्लास्टिकच्या पाऊचमधून.

बरं वाटल्यावर तिला निपाणीच्या घरी नेलं आणि मीही तिथंच राहिले. पाणी तापवायला विजेची कॉइल आणली. तरी सकाळी आई खोकून निळी पडली, कारण शेजारच्या शांताक्काच्या न्हाणीचा धूर सरळ आमच्या स्वयंपाकघरात येतो. बाईंनी फोनवर बजावलं की असे झटके येत राहिले तर घरीही कायमचा ऑक्सिजन लागेल. मी तणतणत शेजारी गेले.

शांताक्का म्हणाली, "मग पेटवू कशानं, सांग की. रॉकेल देतंय कोण आता?"

तिचंही खोटं नव्हतं. मी तशीच परत आले.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगते. घरातल्या बाईला सकाळचाच खोकला येत असेल, तर डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका. बंब, चूल कशानं पेटते ते आपणहून सांगा. आम्हाला विचारणारी डॉक्टर भेटली, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण ती फार उशिरा भेटली, याचा राग जात नाही.

मी शांताक्काकडं जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात दिसेना. शोधत गेले, तर ती शांताक्काच्या न्हाणीत, बंबासमोर पाटावर बसलेली. मी उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

"आक्का, मी हितंच बसती," ती धापा टाकत म्हणाली. "आता पेटव काय पेटवायचं ते."

शांताक्काच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात काड्यापेटी. तिनं आईकडं बघितलं. मग पिशवी खाली टाकून ती परसात गेली आणि उसाचं वाळकं पाचट घेऊन आली. आईला दाराबाहेर बसवल्याशिवाय तिनं काडी ओढली नाही.